चौदा वर्षं न बिघडलेला कॉम्प्युटर

३ मार्च, मंगळवार

गेला! कॉम्प्युटर गेला!

सकाळी बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घुरघुरला, पडदा मात्र काळाच. पुन्हा दाबलं — काळा. तिसऱ्यांदा दाबलं तर दिवासुद्धा लागेना. मी खुर्चीत बसूनच राहिले. चौदा वर्षं! चौदा वर्षांत जो एकदाही दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढला नाही, तो बघता बघता डोळ्यांसमोर गेला.

ह्यांना हाक मारली. आले, वाकून बघितलं, म्हणाले, "वय झालं गं त्याचं. नवीन घेऊ." बस्! वायर हलवून बघितली नाही, मागे टिचकी मारली नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर दिवे आणि नळ्या दुरुस्त केलेला माणूस! मला इतका राग आला की चहा अर्धा टाकून उठले.

४ मार्च, बुधवार

कोणता घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. निळा. म्हणजे निळ्या अक्षरांत नाव लिहिणारी ती कंपनी. दुसरी नाही.

पंपांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी तपासणी खात्यात काढली. माझ्या टेबलावरून पुढे गेलेला पंप कधी तक्रार घेऊन परत आला नाही, आणि माझ्या टेबलावर अडलेला पंप कुणाच्या बापाला पुढे नेता आला नाही. माझ्या पाठीमागे मला 'रिजेक्टबाई' म्हणत. मला ठाऊक होतं, आणि खोटं कशाला लिहू, बरं वाटायचं. अशा बाईने पारखून घेतलेला कॉम्प्युटर चौदा वर्षं चालला यात नवल ते काय? अख्ख्या नात्यात मी निळ्याचा डंका पिटला. ताईने घेतला, भावोजींनी ऑफिससाठी तीन घेतले, शेजारच्या वकीलबाईंनी घेतला. सगळ्यांचे चार-पाच वर्षांत बिघडले. ताई अजून ऐकवते, "तुझ्या नादी लागले नि पस्तावले." मी म्हणते, दोष यंत्रात नाही, वापरणाऱ्याच्या हातात आहे.

तर आज दुकानात गेले. मोठं, काचेचं, थंडगार. म्हटलं, निळा दाखवा. विक्रेती म्हणाली, "मॅडम, त्यांनी घरगुती कॉम्प्युटर बनवणं बंद करून चार वर्षं झाली."

मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने तेच सांगितलं. बाहेर आले तेव्हा छत्री आतच राहिली होती.

६ मार्च, शुक्रवार

पाच माणसं, सात मतं! वकीलबाई म्हणतात, डोळे मिटून लाल घ्या, लाल म्हणजे दगड. भावोजी म्हणतात, लाल सोडून काहीही घ्या. ताई म्हणते, चंदेरी घे, दिसायला किती छान! दिसायला? मला कॉम्प्युटर घ्यायचाय की जावई?

हे लिहिलं आणि हात थांबला. असो.

घाई आहे म्हणून जीव टांगणीला लागलाय. कारखान्याने नव्या तपासनिसांसाठी पुस्तिका लिहायला सांगितली आहे. महिनाअखेर द्यायची. निम्मी लिहून झाली होती, ती त्या मेलेल्या डब्यात अडकली. उरलेली निम्मी डोक्यात आहे, आणि डोक्याचं हल्ली काही खरं नाही. यापुढे घेईन तो पुन्हा चौदा वर्षं चालला पाहिजे. चौदा वर्षांनी मी पंचाहत्तरीची असेन. म्हणजे हा शेवटचाच. शेवटची निवड चुकायला नको!

हे म्हणतात, "फोनवरून मागव ना. दुकानं कशाला हिंडतेस?" मी बघतच राहिले. रोज 'चाल जरा, गुडघे धरतील' म्हणून माझ्यामागे लागणारा माणूस!

८ मार्च, रविवार

सुचलं! विकणाऱ्याला विचारायचंच नाही. नवरीच्या बापाला नवरीचे दोष विचारून कुणाला कळलेत? दुरुस्तीवाल्याकडे जायचं. बसायचं. मोजायचं. कोणत्या कंपनीचे किती येतात ते लिहायचं. जे सगळ्यांत कमी येतात ते सगळ्यांत चांगले. आमच्या खात्यात याला नमुना काढणं म्हणत. तीन दुकानं, प्रत्येकी दोन तास. वहीत रकाने आखले — लाल, चंदेरी, निळा, इतर. बऱ्याच दिवसांनी हाताला काम मिळालं, मजा वाटली.

जेवताना ह्यांना सांगितलं तर घास हातात तसाच राहिला.

"कुठली दुकानं?"

"बाजारातली. टपाल कचेरीमागची."

"पुढच्या रांगेतच बस हं. मागच्या गल्लीत जाऊ नको. फार फसवतात तिथे."

मी म्हटलं, मला? मला कोण फसवणार?

ह्यांनी पेला उचलला. पाणी पीत राहिले.

१० मार्च, मंगळवार

पहिलं दुकान. मालक मला पाहून उभाच राहिला. कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले, वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं, तर त्याची पाचावर धारण! हळूच जवळ येऊन म्हणाला, "बाई, आपण कुठल्या खात्याकडून?" म्हटलं, कुठल्याच नाही, मला कॉम्प्युटर घ्यायचाय. त्याला ते पटेना. थंड सरबत मागवलं. मी नको म्हटलं तर आणखी घाबरला. "पोटावर पाय देऊ नका हो," म्हणाला. दोन तासांत चौदा कॉम्प्युटर आले. सहा लाल, पाच निळे, तीन इतर. चंदेरी एकही नाही!

११ मार्च, बुधवार

दुसरं दुकान. एकोणीस. त्यातले आठ लाल. वकीलबाईंचा दगड!

१२ मार्च, गुरुवार

आज एका म्हाताऱ्याने माझी एकतीस वर्षं पाण्यात घातली.

तिसरं दुकान त्याचं. जाड चष्मा, कपाळावर भिंग बांधलेलं, समोर उघडे पडलेले डबे. दोन तास मी मोजत होते, तो स्क्रू फिरवत होता. मी बेरीज केली. तिन्ही दुकानं मिळून सत्तेचाळीस. त्यात चंदेरी फक्त एक! मी वही मिटली आणि जाहीर केलं, "ठरलं. चंदेरी."

त्याने भिंग वर केलं. "का?"

सांगितलं.

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. म्हणाला, "ताई, या गावात चंदेरी घेतलेत किती जणांनी ते मोजलंत का? शंभर घरांत दोन. मग माझ्याकडे येणार किती? आणि चंदेरी बिघडला तर तो उघडतच नाही, सगळं आत चिकटवून टाकलेलं. लोक सरळ फेकून देतात. मेलेला माणूस दवाखान्यात येतो का?"

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. एकूण किती बाहेर गेले ते न मोजता परत किती आले एवढंच मोजायचं? ही चूक पहिल्या महिन्यातल्या उमेदवाराने केली असती तर मी त्याला सगळ्या खात्यासमोर उभं केलं असतं! आणि मी — मी पुस्तिका लिहितेय! नव्यांना शिकवायला!

मी वही पिशवीत कोंबली, तेव्हा त्यालाच दया आली असावी. म्हणाला, "कंपनीचं नाव म्हणजे बाहेरचा पत्रा. आतला एकेक भाग वेगळ्यावेगळ्या घरून आलेला असतो. तुमचा चौदा वर्षं चालला म्हणता? मग तोच उघडा. चार स्क्रू आहेत मागे. आत कोणकोणते भाग टिकलेत ते बघा, त्यांची नावं लिहून आणा. तसेच भाग ज्यात आहेत तो घ्या. तुमच्या घरातच उत्तर आहे आणि तुम्ही बाजार पालथा घालताय."

याला म्हणतात तपासनीस. त्याला नमस्कार करून आले.

१४ मार्च, शनिवार

उघडला. हे वाचनालयात गेले होते. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली, डबा आडवा केला, चार स्क्रू काढले. ते सहज निघाले. चौदा वर्षं न काढलेला स्क्रू इतका सहज निघत नाही, तेव्हाच कळायला हवं होतं.

आत धूळ नाही. कण नाही!

पॉवर सप्लाय — निळ्या कंपनीचा नाही. पंखा नाही. हार्ड डिस्क नाही. मदरबोर्डसुद्धा नाही! एकावरही ते नाव नाही. निळं होतं ते फक्त बाहेरचं झाकण. मी ज्याचा डंका पिटला, ज्याच्यापायी ताईशी भांडले, भावोजींना 'तुम्हाला वापरता येत नाही' म्हणाले, तो कॉम्प्युटर या घरात कित्येक वर्षं नव्हताच!

आणि प्रत्येक भागाला दोऱ्याने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. नऊ चिठ्ठ्या. पहिली साडेपाच वर्षांपूर्वीची, शेवटची गेल्या पावसाळ्यातली. एकीवरचं जसंच्या तसं उतरवते —

बिघाड: पॉवर सप्लाय जळाला. केलं: बदलला. चालवून पाहिला: आठ तास. पास:

'पास'पुढे काही नाही. नऊच्या नऊ चिठ्ठ्यांवर ती जागा कोरी.

अशी चिठ्ठी आमच्या खात्याबाहेर कुणी बांधत नाही. घरात मी बांधायला लावायची. इस्त्रीची वायर बदलली, बांध चिठ्ठी. सायकलची साखळी बसवली, बांध चिठ्ठी. वस्तू आठ तास चालल्याशिवाय 'पास'पुढे माझी सही नाही. लोकांना हसू यायचं. घरात हे मी एकाच माणसाला शिकवलं होतं.

अक्षर ओळखलं. ओळ उजवीकडे खाली घसरत जाणारं. त्यापायी लहानपणी किती बोलणी खाल्लीत तिने.

चिमीचं अक्षर. माझ्या लेकीचं.

त्याच दिवशी, दुपारी

हे अजून आले नाहीत. चिठ्ठ्या टेबलावर तशाच आहेत. मी चारदा मोजल्या.

१५ मार्च, रविवार

काल हे दारातून आत आले, टेबल बघितलं आणि पिशवी हातात धरूनच खाली बसले. नेहमी मूग गिळून बसणारा माणूस एकदम बोलायला लागला.

चिमी याच गावात आहे. याच गावात! मागच्या गल्लीत, चौथं दुकान. आधी कुणाच्या तरी हाताखाली शिकली, आता तीन वर्षं स्वतःचं दुकान. दोन मुली कामाला आहेत. मला वाटत होतं ती परगावी आहे. खरं म्हणजे मला काही वाटतच नव्हतं. तिचं नाव या घरात काढायचं नाही हा नियम माझाच, आणि सहा वर्षं मी तो काटेकोर पाळला.

मी ताईकडे मुक्कामाला गेले की हे कॉम्प्युटर जुन्या चादरीत गुंडाळायचे, टॅक्सीत घालायचे आणि तिच्याकडे न्यायचे. जरा कुरकुरला तरी न्यायचे. मी परत यायच्या आत जागेवर! चौदा वर्षांतली शेवटची सहा वर्षं असं चाललं होतं, आणि मी — जिच्या डोळ्यांतून केसाएवढी चीर सुटायची नाही — मला पत्ता नाही!

गेल्या महिन्यात पडदा लुकलुकायला लागला, तेव्हा चिमीनेच ह्यांना सांगितलं होतं की आता बोर्ड मिळत नाही, हा जाणार. म्हणून ह्यांनी त्या दिवशी वायरसुद्धा हलवली नाही.

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"कुणाला सांगणार? तुला?" हे म्हणाले. एवढंच. आवाज चढवला नाही.

मग म्हणाले, "ती पैसे घ्यायची नाही. एकच म्हणायची — बाबा, काही झालं तरी हा बंद पडू द्यायचा नाही."

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. किती वर्षांनी!

१६ मार्च, सोमवार

मी ते कधी लिहिलं नाही. आज लिहिते.

तिच्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा निकाल. तिसऱ्यांदा नापास. त्याच दिवशी ताई आणि भावोजी आले होते. भावोजींनी सहज विचारलं, "मग आता पुढे काय?" चिमी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, "आमच्याकडे तीनदा नापास झालेला माल भंगारात जातो."

भावोजी हसले. मीसुद्धा हसले. वाक्य छान जमलं होतं ना!

चिमीने हातातला ट्रे खाली ठेवला. आवाज न करता ठेवला. तिसऱ्या दिवशी दोन बॅगा घेऊन गेली. मी दाराशीसुद्धा गेले नाही. मी स्वतःला सांगत आले की मी कडक आहे, वाईट नाही. कडक वागल्याशिवाय माल सुधारत नाही. राग उतरला की येईल. ती आली नाही, तेव्हा म्हटलं, अहंकार बघा केवढा.

मी माझ्या पोटच्या पोरीला भंगार म्हटलं. चारचौघांत. आणि हसले.

लहान असताना ती सारखी रेडिओ उघडून बसायची. 'अभ्यास सोडून स्क्रू काय फिरवतेस' म्हणून मी हातातून काढून घ्यायची. ती नापास नव्हती. मी तिला चुकीच्या टेबलावर तपासलं.

१८ मार्च, बुधवार

दोन दिवस एकच विचार. नऊ चिठ्ठ्या, नऊ कोऱ्या जागा. तिला दुसरं काहीही लिहिता आलं असतं, ती ओळच गाळता आली असती. तिने ती ठेवली. माझ्यासाठी ठेवली! इतकी वर्षं माझ्या सहीची वाट बघत बसली पोर. आईचा कॉम्प्युटर बंद पडू नये म्हणून झिजत राहिली, आणि आईने एकदा तरी झाकण उघडावं...

आज नऊच्या नऊ चिठ्ठ्यांवर सही केली. पूर्ण सही, खात्यात करायची तशी. खाली तारीख. एकही सही बिघडू दिली नाही.

ह्यांना दाखवल्या. ह्यांनी चष्मा लावून बघितल्या, परत केल्या. म्हणाले, "मी आधी तिला फोन करून विचारू का?" म्हटलं, काही नको, आईला लेकीकडे जायला चिठ्ठी लागते का? उद्या सकाळी जाणार. निळी साडी काढून ठेवली आहे. आनंद आणि भीती दोन्ही आहे, पण आनंद जास्त.

१९ मार्च, गुरुवार

गेले. चिमीने मला पाहिलं. खुर्ची दिली, पाणी दिलं. मी चिठ्ठ्या पुढे ठेवल्या. तिने त्या बाजूला सरकवल्या, वाचल्या नाहीत. कागद घेतला आणि विचारायला लागली — कशासाठी वापरता, रोज किती तास बसता, अक्षर मोठं लागतं का. 'बसता'! मला अहो-जाहो! कोणता घ्यायचा ते लिहून कागद माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "चिमे, माझ्यासाठी सहा वर्षं तो चालू ठेवलास..." ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही. तो बंद पडला असता तर तुम्ही दुकानं तपासत तपासत इथे आला असतात. तुम्ही इथे येऊ नये, म्हणून."

माझी पोर सहा वर्षं मला घाबरून होती. आणि मी सह्या करून घेऊन गेले.